मक्तेदारी, एकाधिकार की संगनमत?

प्रश्न: बातम्यांत ‘मक्तेदारी’, ‘एकाधिकार’, ‘वर्चस्व’ सरसकट एकाच अर्थाने वापरतात. फरक आहे का? आणि ‘कार्टेल’ला, म्हणजे आपसांत दर ठरवून घेणाऱ्या कंपन्यांच्या गटाला, मराठीत काय म्हणावं?

उत्तर: फरक आहे आणि तो पाळलाच पाहिजे, कारण त्यावर कायद्याचा अर्थ अवलंबून आहे.

‘मक्ता’ म्हणजे सरकारने ठरावीक रकमेवर दिलेला वसुलीचा किंवा विक्रीचा ठेका. म्हणजे मुळात मक्तेदारी बाजारात कमावलेली नव्हे, सरकारदरबारातून मिळालेली. या जुन्या अर्थानेही ईस्ट इंडिया कंपनी अस्सल मक्तेदार होती: भारताच्या व्यापारावरचा तिचा मक्ता १८१३ मध्ये गेला, चहाचा आणि चीनच्या व्यापाराचा १८३३ पर्यंत टिकला.

‘एकाधिकार’ म्हटलं की जुन्या पिढीला राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवते. तिथे एकटा होता तो खरेदीदार. त्यामुळे एकच विकणारा असेल तर मक्तेदारी आणि एकच घेणारा असेल तर एकाधिकार खरेदी, असा भेद मला सोयीचा वाटतो.

‘वर्चस्व’ मात्र वेगळं. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याची नजर मोठ्या उद्योगसमूहांच्या आकारावर असे. त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात वर्चस्व असणं हा गुन्हाच नाही. त्याचा गैरवापर हा गुन्हा. २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला तो गैरवापराबद्दल. ‘मक्तेदारीबद्दल दंड’ असं लिहिलं की वाचकाला वाटतं, मोठं होणंच बेकायदा आहे.

कार्टेलला ‘संगनमत’ चालेल, पण त्याला पोलीस पंचनाम्याचा वास येतो. बाजार समितीत आणि ठेकेदारांत बोलला जाणारा शब्द आहे ‘रिंग’. आमच्या गोरेगावच्या सोसायटीत दुरुस्तीच्या तीन सीलबंद निविदा उघडल्या, तर तिन्हींत ‘प्लास्टर’ची चूक सारखी आणि प्रति चौरस फूट दर एकेका रुपयाच्या फरकाने. खजिनदार काका लगेच म्हणाले, “रिंग केलीय.” कायद्यालाही नेमकं हेच अभिप्रेत आहे: वरकरणी प्रतिस्पर्धी, आतून दर ठरलेले. निविदांतली अशी रिंग स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट नमूद आहे. इतका चपखल शब्द तोंडात असताना ‘उत्पादक संघ’ कशाला? संघ तर साखर कारखान्यांचाही असतो, आणि संघ करणं हा काही गुन्हा नव्हे.

पुढचा प्रश्न: मग अमेरिकेतल्या ‘अँटीट्रस्ट’ कायद्याला ‘विश्वासविरोधी’ म्हणतात ते?

उत्तर: साफ चूक. तिथला ट्रस्ट म्हणजे अनेक कंपन्यांचे शेअर मोजक्या विश्वस्तांच्या हाती सोपवून साऱ्या धंद्याची सूत्रं एका जागी आणण्याची व्यवस्था. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने ती रूढ केली. त्याविरुद्ध १८९० चा शर्मन कायदा आला आणि १९११ मध्ये कंपनीचे तुकडे झाले. मुंबईकराला ट्रस्ट म्हटलं की पोर्ट ट्रस्ट नाहीतर धर्मादाय ट्रस्ट आठवतो, म्हणून अमेरिकेबद्दल लिहिताना ‘अँटीट्रस्ट’ तसाच ठेवावा आणि आपल्याकडच्यासाठी ‘स्पर्धा कायदा’ म्हणावं.