पुढच्या काचेवर वाफ आणि बटण स्क्रीनच्या पोटात

जुनानॉब:
14 वर्षं वापरलेली गाडी विकून तीन महिन्यांपूर्वी नवी घेतली. जुनीत एसीचे तीन गोल नॉब होते. मधला उजवीकडे शेवटपर्यंत फिरवला की हवा काचेवर. बघावं लागायचं नाही. नवीत सगळा कारभार स्क्रीनवर.

परवा पावसात काचेवर आतून वाफ धरली. स्क्रीनवर नकाशा उघडा. तो सारून एसीचं पान, मग डिफॉगरचं (काचेवरची वाफ घालवायचं) चिन्ह. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आपटली आणि बोट नेमकं शेजारी, सीट गरम करण्याच्या चिन्हावर पडलं. मान वर केली तर ट्रकचे ब्रेकलाइट हातभर अंतरावर! वाचलो. पाठीला घाम फुटला (सीटही तोवर तापलीच होती).

साठीला आलोय. दोष वयाचा की स्क्रीनचा?

पाचवागिअर:
काका, वयाला बोल लावू नका. 'वी बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने 2022 मध्ये ताशी 110 किमी वेगात चाचणी घेतली होती. कामं चार, त्यात सीट गरम करणं आणि डिफॉगरही. बटणांच्या 2005 सालच्या व्होल्वोत ती 10 सेकंदांत, 306 मीटरमध्ये उरकली. सर्वांत वाईट स्क्रीनवाल्या गाडीला 44.9 सेकंद लागले, म्हणजे 1372 मीटर! आणि चालकांना गाडीशी ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता.

रेनकोट:
आतलीच हवा फिरवण्याचा मोड चालू आहे का बघा. श्वासाची, ओल्या कपड्यांची वाफ आतच कोंडते. बाहेरची हवा घ्या, एसी चालू ठेवा. तो हवा कोरडी करतो. निघण्याआधीच करा हे. बोलून हुकूम देण्याच्या नादी लागू नका, माझी गाडी 'काच' म्हटलं की खिडकी उघडते.

पाचवागिअर:
गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हझार्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएसला (संकटात मदत बोलावायला) खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. डिफॉगर मात्र त्या यादीत नाही.

जुनानॉब:
रेनकोट, तुमचं खरं निघालं! तो मोड गाडी घेतल्यापासून चालूच होता. आज पावसात काच स्वच्छ. आणि अंगठा स्क्रीनच्या कडेला टेकवला की बोट हलत नाही, हेही कळलं. बायको म्हणते, "अहो, आता सीट बंद करायला शिका."