मल्टिमीटरची बीप वाजली म्हणजे हेडलाइटची अर्थ वायर चांगली असं नाही

गाडीचे हेडलाइट मध्येच जातात, या प्रश्नावर कुणी ‘आधी बल्ब बदला’ असा सल्ला दिलाय; एकच दिवा जात असेल तर तो ठीक. पण इथे दोन्ही दिवे एकदम जातात आणि खड्डा लागला की परत येतात. दोन बल्ब एकाच क्षणी कसे बिघडतील? तिथे दोघांत सामाईक काय ते शोधायचं: रिले (दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), स्टिअरिंगखालचा स्विच, नाहीतर अर्थ (बल्बकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी). मल्टिमीटरची (वायर जोडलेली आहे का, व्होल्टेज किती ते तपासायच्या मीटरची) बीप वाजली म्हणून अर्थ चांगली, हे मात्र मला पटत नाही. वायरची एखादी तार शाबूत असली तरी बीप वाजते. ५५ वॉटचे दोन बल्ब मात्र मिळून ९ अँपिअरच्या आसपास खेचतात, ते त्या एका तारेला झेपत नाही.

माझ्या जुन्या गाडीने मे महिन्यात रात्री वर्धा रोडवर असाच दगा दिला. सकाळी मेकॅनिककडे नेली की सगळं झकास! शेवटी बोनेट बंद ठेवून वीस मिनिटं दिवे चालू ठेवले, आणि चालू असतानाच बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थ पिनपर्यंत व्होल्टेज मोजलं. ०.२ व्होल्टच्या आत हवं, माझ्याकडे जवळपास ३ निघालं. बॅटरीशेजारी बॉडीला कसलेल्या काळ्या अर्थ वायरीच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) नुसता गंज. पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, नवीन लग कसला, वरून व्हॅसलीन. खर्च शंभराच्या आत.

बल्बचा होल्डरही काढून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर पिन दाबत बसू नका, नवीनच लावा.