विंडोज १० चे अपडेट बंद, प्रेसचं सगळं काम जुन्या फॉन्टात, पीसी बदलू काय?

शहापूर_प्रेस:
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे होता. शहापुरात आमचं लहान प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, वास्तुशांतीची आमंत्रणं, गणपतीत मंडळांची पावतीबुकं असली कामं. मराठी जास्त पण कन्नडही भरपूर, आणि २०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा कायदा आल्यापासून बोर्डाचं कन्नड काम आणखी वाढलंय. दोन पीसी आहेत, एक चौथ्या जनरेशनचा आय थ्री आणि एक तिसऱ्याचा आय फाइव्ह, दोन्हीवर विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. विंडोज ११ टाकायला गेलं तर प्रोसेसर बसत नाही, टीपीएम (सुरक्षेची किल्ली ठेवणारी चिप) नाही म्हणून सांगूलंय. मशीन मात्र ठणठणीत, एसएसडी घातल्यापासून तर एकदम पळूल्यात.

खरी अडचण पुढं आहे. मराठी टायपिंग सगळं जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर, त्याला मागं डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय ते उघडत नाही. पानं मांडायला पेजमेकर ७ आणि जुनं कोरल. कन्नडला नुडी. वडिलांच्या काळापासूनच्या पत्रिका त्यातच आहेत, एका घरातल्या थोरल्याची पत्रिका काढायची, नावं तारखा बदलायच्या की धाकट्याची तयार, गिऱ्हाईक पण तेच मागूलंय, दादाच्या लग्नात केलेला तसंच करा म्हणून. टायपिंगला असलेल्या काकांचा हात टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलाय. आणि त्याच आय फाइव्हवर जीएसटी, बँक, मेल सगळं होतंय.

दुकानदार म्हणूलाय दोन्ही बदला, आणि रॅमचे भाव तर सध्या बघायला नको. भाऊ म्हणूलाय काय होत नाही, आहे तसं चालू दे. लग्नसराई तोंडावर आहे, काय करावं सांगा की ओ.

उद्यमबाग_सीएनसी:
भावाचं ऐकू नका दादा, निदान बँकेच्या मशीनचं तरी. पण दोन्ही पीसी भंगारात घालायची पण काय गरज नाही.

आमच्याकडे वर्कशॉपात मशीनला प्रोग्राम पाठवायला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट लागतो, आरएस २३२ ची केबल, त्यामुळं एक्सपीवरचे पीसी अजून ठेवल्यात. एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलात संपला. तरी ते चालूल्यात कारण त्यांना नेटची वायर लावतच नाही, वायफाय नाही, पेन ड्राइव्ह एकच ठरलेला आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच लावायचा. तुम्ही पण कामाची वाटणी करा. डोंगल, पेजमेकर, कोरल, नुडी सगळं एका पीसीवर ठेवा आणि त्याचं नेट कायमचं काढा. मग त्यावर विंडोज १० काय आणि ७ काय, फरक पडत नाही. बँक आणि जीएसटीला दुसरं मशीन, त्याला मात्र चालू अपडेट पाहिजेतच. आज दोन्ही एकाच ठिकाणी आहेत हाच खरा धोका आहे, गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कसलीतरी फाइल उघडायची आणि त्याच खिडकीच्या बाजूला बँकेचं पान उघडं.

आणि आज रात्रीच एक काम करा, त्या डीटीपीच्या (पानं जुळवायच्या) मशीनची पूर्ण डिस्क क्लोनझिला या सॉफ्टवेअरनं बाहेरच्या हार्ड डिस्कवर इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करून ठेवा. मदरबोर्ड गेला तर जुना बोर्ड मिळतो, पण पंधरा वर्षांपूर्वीचं सेटिंग परत जुळवताना जीव जातो.

मच्छे_वीटीयू:
विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका ना काका, फुकट आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तिसऱ्या जनरेशनच्या आय फाइव्हवर आरामात चालतं, पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आत काही पुसलं जात नाही. बँक, जीएसटी पोर्टल, मेल हे सगळं ब्राउझरमध्येच तर आहे, फक्त डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर ते लिनक्सवर चालतंय का ते आधी बघून घ्या. प्रिंटर एचपीचा असेल तर बहुतेक वेळा लगेच ओळखतो, कॅनॉनच्या जुन्या लेझरला कॅप्टचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो.

आणखी एक सांगतो जे इकडच्या लोकांना खूप उपयोगाचं आहे. लिनक्सच्या कीबोर्डच्या यादीत मराठी कगप म्हणून एक लेआउट आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, ज्यांनी नुडी बनवलं तेच. म्हणजे नुडीवर कन्नड टाइप करणाऱ्याचा हात मराठीला पण तसाच चालतो, के दाबलं की कन्नडमध्ये कन्नड क आणि मराठीत मराठी क. आमच्या घरी आई कन्नड शाळेत शिकलेली, ती आता दोन्ही एकाच हातानं टाइप करते.

डीटीपीवर मात्र मी खोटं सांगणार नाही, डोंगलवालं सॉफ्टवेअर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचं साधन) चालवायच्या नादाला लागू नका, डोंगलला विंडोजचाच ड्रायव्हर लागतो. आणि कोणीतरी तुम्हाला केओ घ्या म्हणेल, कर्नाटक सरकारच्या किओनिक्सनं नोव्हेंबर २०२५ च्या बेंगळुरू टेक समिटमध्ये आणला तो १८,९९९ रुपयांचा छोटा पीसी. मला त्याचं फार कौतुक आहे, शाळेच्या पोरांसाठी मस्त आहे, पण त्यात रिस्क फाइव्हचा प्रोसेसर आणि लिनक्स आहे, तुमचं विंडोजचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर बसणार नाही.

शहापूर_प्रेस:
वाटणीचं पटलं. पण मग जुनं मशीन नेटशिवाय किती वर्षं ओढायचं? डोंगलच गेलं तर? ते सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं ते दुकान तर कधीच बंद झालं. आणि रुफस वापरून विंडोज ११ जबरदस्तीनं घालून देतो म्हणणारा एक पोरगा पण आलाय.

निपाणी_अक्षरजुळणी:
आता तुम्ही मुद्द्यावर आलात. मी निपाणीत आयुष्यभर हेच काम केलं, खिळे जुळवण्यापासून. माझं म्हणणं एकच आहे, पीसी कुठला घ्यायचा हा प्रश्न नंतरचा, तुमच्या पत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणायचा प्रश्न आधीचा. मशीन कधीही विकत मिळेल, त्या फाइली मिळणार नाहीत.

जुन्या फॉन्टात होतं काय, कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तिथं मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर मराठीची चित्रं बसवलेली असतात. म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की कचरा दिसतो, आणि म्हणूनच मराठीच्या ओळीला चुकून कन्नड फॉन्ट लागला की भलतंच काहीतरी उमटतं. आपल्या सीमाभागातल्या प्रेसला हा त्रास दुप्पट, कारण एकाच पत्रिकेत वर मराठी आणि खाली कन्नड असतं. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांना आपापली जागा आहे, एकाच ओळीत दोन्ही ठेवा, काही बिघडत नाही.

रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, त्यामुळं तुमच्या फॉन्टचाच शोधा आणि गिऱ्हाइकांची नावं पत्ते कुठल्याही अनोळखी साइटवर चिकटवू नका, ऑफलाइन चालणारा घ्या. आणि केल्यावर डोळ्यांनी वाचा. दोन जागी हमखास चुकतं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, म्हणजे निपाणी लिहिताना आधी वेलांटी मग न, युनिकोडमध्ये आधी न मग वेलांटी. रफार त्याच्या उलट, सूर्यवंशीमधला रफार जुन्यात य च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र आधी येतो. कन्व्हर्टर हा क्रम फिरवतो, पण जोडाक्षर आलं की गडबडतो. आडनावात रफार सुटला तर नवरदेवाचा बाप प्रेसमध्ये येऊन उभा राहतो, तेव्हा कीर्ती, सूर्यवंशी, दुर्गा, वऱ्हाडी असले शब्द एकेक करून तपासा. सगळ्या फाइली एकदम करू नका, ज्या घराची पत्रिका परत आली ती त्या वेळी करायची, आणि ज्यांची येणार हे माहीत आहे त्या आता.

पेजमेकर ७ ला युनिकोड समजत नाही, तिथं तो रस्ता संपतो. कोरलला एक्स सिक्सपासून भारतीय लिप्या नीट जमतात. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस फुकट आहे, १.६ पासून देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरं व्यवस्थित लावतं, आणि ऑफसेटला लागणारी सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ चांगली काढतं. मी आता बिलबुकं त्यातच करतो.

फॉन्टची काळजी करू नका. मुक्त आहे, मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा, फुकट आणि पत्त्याच्या बारीक मजकुराला सुंदर. मराठी वळणाचा ल आणि श पाहिजे असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या, पत्रिकेत श्री हिंदी वळणाचा आला की आपल्या माणसाला खटकतोच, आणि खटकायलाच पाहिजे.

काकांचं म्हणाल तर त्यांना नवीन कीबोर्ड शिकायला लावू नका, टाइपरायटर म्हणजे रेमिंग्टन लेआउटनं युनिकोड टाइप करायची साधनं आहेत, ती शोधून द्या. नवीन पोरगा ठेवलात तर त्याला मात्र इन्स्क्रिप्ट शिकवा, मराठी आणि कन्नड दोन्हीला तेच कीबोर्ड, विंडोजमध्ये आधीपासून असतं.

रुफसवाल्या पोराला परत पाठवा. विंडोज ११ बसेल, चालेलही, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही, आणि तुम्हाला तर अपडेटसाठीच ते पाहिजे होतं.

टिळकवाडी_नेटवर्क:
वरच्या सगळ्यांशी सहमत, फक्त एक तात्पुरता मार्ग राहिला. विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असाल तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं, पीसीची सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्याला सिंक केली तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. डोमेनला जोडलेल्या ऑफिसच्या मशीनला ही सोय नाही, धंद्यासाठी वेगळी योजना आहे आणि तिचा दर दर वर्षी दुप्पट होतो. ही लग्नसराई निघून जाईल, घाईत काही घ्यावं लागणार नाही.

टीपीएमला सरसकट शिव्या घालणाऱ्यांशी मी सहमत नाही. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल आणि तिची किल्ली वेगळ्या चिपमध्ये राहिली तर चोरलेली डिस्क वाचता येत नाही, लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या माणसाला याची खरंच गरज आहे. पण सहाव्या सातव्या जनरेशनच्या कितीतरी मशीनमध्ये टीपीएम २.० असूनही त्यांना बाहेर ठेवलं, ते मला पटलेलं नाही. चालतं मशीन कचऱ्यात काढायला लावण्याइतकं ते कारण मोठं नव्हतं. युरोपात बघा, २० जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबलेटला विक्री थांबल्यावर निदान ५ वर्षं अपडेट देणं बंधनकारक केलंय, आणि ही वाढीव वर्षाची सोयसुद्धा तिकडच्या लोकांना सिंकच्या अटीशिवाय मिळाली. आपल्याकडे ई-कचरा नियम २०२२ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात उत्पादकावर रिसायकलिंगची जबाबदारी टाकली आहे, पण वस्तू कचरा होऊच नये म्हणून किती वर्षं सॉफ्टवेअर द्यायचं याची सक्तीही आपल्याला हवी आहे. आयातीवर मात्र सरकारचं लगेच लक्ष गेलं, ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप-कॉम्प्युटरच्या आयातीला परवाना लावला, मग पुढं ढकलून १ नोव्हेंबरपासून ऑनलाइन परवानगीवर आणलं. एवढी तत्परता अपडेटच्या सक्तीसाठी दाखवली तर शहापूरच्या प्रेसवाल्याचे पैसे वाचतील.

घ्यायचाच झाला तर कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले आठव्या जनरेशनचे आय फाइव्ह डेस्कटॉप बघा, विंडोज ११ अधिकृत चालतं. घेताना बायोसमध्ये टीपीएम चालू आहे का आणि विंडोज अ‍ॅक्टिव्ह आहे का ते दुकानातच बघा, बिल घ्या.

खानापूर_मास्तर:
तुमचा जुना आय थ्री रिकामा झाला तर भंगारात घालू नका. तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत मिंट घालून असलेच पीसी चालवतो, मेनूसुद्धा मराठीत, चौथीची पोरं स्वतःचं नाव टाइप करतात. केरळच्या सरकारी शाळा तर कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच आहेत. पावसाळ्यात इकडं दमटपणानं रॅमच्या पट्टीवर काट चढतो, मशीन चालू होत नाही, तेव्हा पट्टी काढून खोडरबरानं पुसून बसवली की बहुतेक वेळा सुरू होतं, लगेच दुकानात नेऊ नका.

शहापूर_प्रेस:
खूप आभार मंडळी. आय थ्री डीटीपीला नेटशिवाय ठेवतो, आय फाइव्हवर आत्ता वाढीव अपडेट घेतो आणि सीझन झाल्यावर मिंट बघतो. निपाणीकर काका, एकच विचारतो, प्लेट काढणारे आमच्याकडून पेजमेकरचीच फाइल मागतात, त्यांना स्क्रायबसची पीडीएफ चालेल काय?

निपाणी_अक्षरजुळणी:
चालते. त्यांना सांगून पीडीएफ एक्स थ्री या छपाईच्या प्रकारात काढा, फॉन्ट आतच बसवा आणि कटिंगसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा छपाई, सोडा. पहिल्यांदा एखादं बिलबुकाचं काम पाठवून बघा, पत्रिका नको.