कॅल्शियमच्या गोळ्या आणि हृदय: सरसकट गोळी द्यावी का?

निशिगंध: पाळी गेली की आहार न विचारताच रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम सुरू करतात, हे मला मुळीच पटत नाही. २०१० साली बोलंड या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. ड जीवनसत्त्वाविना नुसतं कॅल्शियम घेणाऱ्यांत हार्ट अटॅक सुमारे ३० टक्के जास्त निघाले. गोळीनंतर रक्तातलं कॅल्शियम काही तास चढलेलं राहतं, जेवणातलं हळूहळू शोषलं जातं.

मृगजळ: त्या चाचण्या हाडांसाठी आखलेल्या होत्या, हार्ट अटॅक हा त्यांचा मुख्य निकष नव्हता. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात ३६,२८२ स्त्रिया होत्या, निम्म्यांना १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. सात वर्षांत हृदयविकार वाढला नाही.

निशिगंध: त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी आधीपासून स्वतःच कॅल्शियम घेत होत्या. मग तुलना कशाची कशाशी? आधी न घेणाऱ्यांचे आकडे २०११ मध्ये वेगळे काढले तेव्हा धोका दिसला. शिवाय त्याच अभ्यासात मुतखडे १७ टक्क्यांनी वाढले.

मृगजळ: मुतखड्याचं मान्य. पण मागाहून पाडलेल्या उपगटावरून शंका घेता येते, निर्णय नाही. आणि डेनोसुमॅब (ठिसूळ हाडांसाठीचं इंजेक्शन) चालू असताना घाबरून कॅल्शियम बंद केलं तर रक्तातली पातळी धोकादायक घसरू शकते. 'गोळी वाईट' एवढंच लिहिलं तर असे रुग्णही ती सोडतील.

केवडा: वाद मिलिग्रॅमवर आणा. पन्नाशीनंतर स्त्रीला आहार आणि गोळी मिळून दिवसाला १२०० मिग्रॅ लागतं. गोळी फक्त तुटीपुरती. १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅच, लेबल वाचताना इथेच घोळ होतो. एका वेळी ५०० च्या वर नको, शोषण घटतं. कार्बोनेट जेवणासोबतच. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर कॅल्शियम सायट्रेट बरं, त्याला आम्ल लागत नाही. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. थायझाइड (रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी) किंवा डिगॉक्सिन (हृदयाची गोळी) चालू असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय सुरूच करू नये.

निशिगंध: तुमच्याच हिशेबाने बघा. दोन कप दुधाचे ६००, बाकी जेवणाचे ३०० धरा. तूट ३०० ची, म्हणजे आणखी एक कप. तिला १००० ची गोळी कशासाठी?

मृगजळ: तिला नकोच. दूध पचत नाही, जेवण तुटपुंजं आणि हाड आधीच मोडलंय, तिला मात्र ५०० द्यावीच लागेल.