मदत हवी आहे : मंगळवेढ्याची वडिलोपार्जित शेती एकत्र कशी ठेवता येईल?

नमस्कार मंडळी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची पणजोबांपासूनची शेती आहे. दगडी मोटेची विहीर, मोटेचं पाणी ओतायचं तिचं थारोळं, खळ्याशेजारी धान्य साठवायचं जमिनीतलं पेव, बांधावर जुने लिंब अन् बाभळी, हे सगळं अजून जागेवर आहे. रब्बीला घरचंच बी राखून मालदांडी ज्वारी पेरतो. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने वाटण्या थोडीच थांबतात!

सातबारावर आता आठ नावं आहेत. एक चुलते सोलरवाल्यांना भाड्याने द्यायचं म्हणतात. त्यांचंही चुकत नाही, कोरडवाहूत उरतं काय?

वाटणी झाली तरी विहीर, पेव आणि झाडं सामाईक राहतील असा नोंदणीकृत करार करता येतो का? की ट्रस्ट बरा? २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली कुणी नोंदणी केली आहे का? हुरड्याच्या दोन महिन्यांपलीकडे माणसं येतात का, हेही खरं सांगा.

आणि विहिरीचा एक कोपरा ढासळलाय. सिमेंट नको, चुन्यात काम करणारा गवंडी सोलापूर-पंढरपूरकडे माहीत असेल तर कळवा. पावसाआधी करायचंय.