पिंप हा शब्द कोणाचा?

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी तळटाकीची सफाई असल्यामुळे दुपारपर्यंत नळाला पाणी येणार नाही. तरी शनिवारी रात्रीच सर्वांनी आपापली पिंपे भरून ठेवावीत.

ए-३०२ : सूचनेबद्दल आभार. यानिमित्ताने एक शंका आहे. इथे बडोद्यात दुकानदार ‘पीप’ किंवा ‘पीपडुं’ म्हणतात, हिंदीत ‘पीपा’ म्हणतात आणि आपण ‘पिंप’ म्हणतो. सासूबाईंच्या मते याचा पिंपळाशी संबंध असावा. काका, आपण खुलासा कराल का?

बी-२०४ : ताई, मूळ शब्द या तिन्ही भाषांपैकी कोणाचाच नाही, तो पोर्तुगीज ‘पीपा’ आहे. १५१० मध्ये गोवा घेऊन पुढे १५३४-३५ मध्ये वसई आणि दीव येथे पाय रोवलेल्या पोर्तुगिजांच्या जहाजांवर मद्य आणि पाणी लाकडी पिंपांत भरलेले असे, आणि वस्तूबरोबर तिचे नावही आपल्या किनाऱ्यावर उतरले. तिकडे पोर्तुगालमधील दौरो नदीच्या खोऱ्यातील द्राक्षमद्याच्या हिशेबात एक पीपा म्हणजे ५५० लिटर असे आजही धरतात. आपल्याकडे मात्र मद्य मागे पडले, लाकूड जाऊन पत्रा आला, पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक आले, तरी नाव टिकून राहिले.

पिंपळाशी त्याचे नाते नाही, कारण तो शब्द संस्कृत ‘पिप्पल’वरून आला आहे. तरीही सासूबाईंचा तर्क मला आवडला, कारण गुजरातीत पीपळो आणि पीप, तर मराठीत पिंपळ आणि पिंप, असा अनुस्वार आपण दोन्हीकडे सारखाच घातला आहे.

सी-१०१ : म्हणजे बादलीही तिकडचीच का?

बी-२०४ : होय, मूळ शब्द ‘बाल्दे’. हिंदीत त्याची बाल्टी झाली, गुजरातीत बालदी, आणि आपण ‘ल’ व ‘द’ यांची अदलाबदल करून बादली केली. बांधकामावरचे घमेलेही पोर्तुगीज ‘गामेला’पासून, म्हणजे लाकडी काथवटीपासून आले.

ए-३०२ : मग पिंपाच्या आधी हा ‘पीपा’ कुठून आला?

बी-२०४ : उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पीपा’ म्हणजे बासरीसारखी नळी. तिच्यावरूनच इंग्रजीतील पाइपही आला. तेव्हा आजवा तलावाचे पाणी ज्या पाइपातून आपल्याकडे येते आणि ज्या पिंपात आपण ते साठवतो, त्या दोघांचे मूळ एकच आहे.

सचिव : माहितीबद्दल काकांचे आभार. पाइप रविवारी बंद राहील, एवढे कृपया लक्षात ठेवावे.