मालवणचं सागरी अभयारण्य : हद्द कोणी ठरवायची?

दर्याकाठ :
मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासची खडपं (पाण्यातले खडक), प्रवाळं, म्हणजे माशांची घरं. मच्छीमारांचा विरोध आजही आहे आणि संरक्षण बरंचसं कागदावर. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना न विचारता आखलेली हद्द कोण पाळणार? १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातच लिहिलं गेलं, की प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपून हद्द ठरवायची. मालवणची हद्द त्याआधीची. गावागावांत बसून ती नव्याने ठरवा.

खडपातला मासा :
साफ अमान्य. नव्याने ठरवायची म्हणजे लहान करायची, हे बैठकीआधीच ठरलेलं असतं. दगडासारखं गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. त्यावर एक नांगर पडला की कित्येक वर्षांची वाढ गेली. बैठकीत ट्रॉलरवाला बोलेल, हॉटेलवाला बोलेल, स्कूबावाला बोलेल. माशांच्या बाजूने कोण उभं राहणार?

रापणकर :
आम्ही उभे रवतलव माशांच्या बाजून! १९८७ साली आमच्या बापाशीक कोणी इचारल्यान नाय, आणि आता आमकाच दोष? रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ती खडपावर टाकली तर आमचंच जाळं फाटतं. पर्ससीनवर (मोठ्या बोटींच्या, माशांचा थवाच घेरणाऱ्या जाळ्यांवर) ५ फेब्रुवारी २०१६ ला निर्बंध आले ते कोणामुळे? पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले, निवेदनं दिली, समितीपुढे बोलले, तेव्हा आले. लोकांचा सहभाग म्हणजे काय ते आम्हाला शिकवू नका.

खडपातला मासा :
त्या लढ्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तो बाहेरच्या मोठ्या बोटींविरुद्ध होता. स्वतःच्याच गावातल्या माणसाला ‘इथे नांगर टाकू नको’ म्हणायची वेळ आली की सभा गप्प बसते. शिवाय रात्री एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्रीच्या दिव्यांच्या तक्रारी थांबल्या का? आधी गस्तीच्या बोटी द्या, माणसं द्या. सभा नंतर.

टोपलीवाली :
तुम्ही दोघेही ‘मच्छीमार’ म्हणता तेव्हा बोटीचा मालकच डोळ्यांपुढे असतो. लिलावात मासळी घेणाऱ्या, सुकवणाऱ्या, विकणाऱ्या बायका कुठे आहेत? सभा ठेवतात नेमकी लिलावाच्या वेळेला. माशांची पिल्लं बाजारात येऊ लागली हे सगळ्यात आधी आमच्या हाताला कळतं. २०२३ मध्ये राज्याने पकडायच्या माशांच्या ५४ जातींची किमान लांबी ठरवली. सरंग्याची (पापलेटची) १३५ मिलिमीटर. ती मोजायची कुठे? बंदरावर, बाजारात, म्हणजे आमच्यासमोर. आम्हाला कोणी विचारलं?

दर्याकाठ :
टोपलीवाली, हा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. समिती झालीच तर निम्म्या जागा बायकांच्या हव्यात आणि वेळ त्यांनी ठरवायची. @खडपातला मासा, तुमची भीती खरी आहे, म्हणून मधला मार्ग मांडतो : अभयारण्याच्या सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या गाभ्याला हात लावायचा नाही, चर्चा फक्त बाहेरच्या पट्ट्याची.

खडपातला मासा :
गाभा कायम ठेवत असाल तर बोलू. पण पहिली अट : पर्यटक बोटींसाठी कायमचे बोये (बोट बांधायला पाण्यावर तरंगणारे गोळे) बसवा, म्हणजे प्रवाळावर नांगर पडणारच नाही. ते झाल्याशिवाय बाहेरच्या पट्ट्याचा नकाशा टेबलावर यायला नको.

रापणकर :
बोये खंय लावचे ता आमका इचारा. पाण्याखालची खडपं आमका पाठ आसत.